मूळव्याधच असेल म्हणत काढलेला खरीप



तीन आठवडे पेजवर काही टाकलं नाही. दोघातिघांनी मेसेज करून विचारलं, कापणी अडकली का, पावसात भात आडवं पडलं का. तसं काही नाही. कर्जत-3 वेळेत कापला, झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, आणि काळूच्या बाजूच्या खाचरात वालाची पेरणी चालू आहे. कारण वेगळं आहे. ते लिहावं की नाही यावर घरात चार दिवस खल झाला. वहिनी नको म्हणत होती. शेवटी तीच म्हणाली, "लिव्ह, पण नाव कोणाचं घालू नको." म्हणून नाव कोणाचंच घालत नाही, डॉक्टरांचंही नाही.

आज भाताबद्दल कमी आणि संडासबद्दल जास्त लिहिणार आहे. जेवताना वाचत असाल तर नंतर वाचा, पण वाचा.

आषाढात लावणीच्या दिवसांत मला पहिल्यांदा रक्त दिसलं. दिसलं म्हणजे योगायोगानेच दिसलं. आमच्या संडासातला बल्ब गेला होता, तो मी आदल्या दिवशी बदलला होता. त्याआधी किती दिवस जात होतं कोण जाणे. पूर्वी टमरेल घेऊन नदीकडे जायचो तेव्हा माणसाला स्वतःचं काय ते दिसायचं. आता घराघरांत संडास आले ते चांगलंच झालं, पण अंधारी खोली, गडद भांडं आणि वरून बादलीभर पाणी. शेतातल्या प्रत्येक पानाची मागची बाजू उलटून बघणारे आपण, इथे मात्र मान फिरवून पाणी ओततो.

लालभडक, थेंब थेंब, दुखत काही नव्हतं. मी स्वतःच डॉक्टर झालो. लावणीत दिवसभर वाकून काम, पाणी कमी, वरून सुक्या जवळ्याचं झणझणीत कालवण. उष्णता झाली असणार, नाहीतर मूळव्याध. बायकोला सांगितलं नाही. आईला फक्त "पोट साफ होत नाही" एवढं म्हणालो, तर तिने सुरण शिजवला. मग ताक, रात्री इसबगोल. आठ दिवस रक्त थांबलं. मी म्हटलं झालं, गेलं. मग पुन्हा आलं. असं थांबत-येत आषाढ गेला, श्रावण गेला.

या थांबण्याने माणूस फसतो. औषधाचा गुण आला असं वाटतं. आपण सगळ्यांनी हे भातात पाहिलंय. पिवळं पडलं की युरिया मारायचा, दहा दिवस हिरवंगार दिसतं, आणि मूळ कारण जस्ताची कमतरता असेल तर ते तिथेच असतं.

आता भावाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय हे अर्धवट राहील.

माझा थोरला भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. पाच वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हा तो यकृतात पोचलेला होता. त्याआधी वर्षभर त्याला रक्त जात होतं, सकाळी तीन-तीन, चार-चार वेळा जावं लागायचं, गेला तरी पोट मोकळं झाल्यासारखं वाटायचं नाही, नुसती आव पडायची. एका ठिकाणी त्याला सहा महिने मलम आणि गोळ्या दिल्या. त्या सहा महिन्यांत एकदाही बोट घालून तपासणी झाली नाही. डॉक्टरांची चूक म्हणाल तर आहे. पण खरं सांगायचं तर भावाने तपासू दिलं असतं का, याचीही मला खात्री नाही. तो धोतर-लंगोटाच्या लाजेतला माणूस. नंतर स्टेशनच्या भिंतीवर आणि लोकलच्या डब्यात ते कागद चिकटवलेले असतात ना, मूळव्याध-भगंदर विनाऑपरेशन, गॅरंटीने, तसल्या एका ठिकाणी तो गेला. तिथे त्याला कसलीशी इंजेक्शनं दिली. शेवटी एक दिवस संडास आणि वारा दोन्ही बंद, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलट्या सुरू झाल्या. रात्रीतून ऑपरेशन करून पोटावर पिशवी लावावी लागली. तिथून परळला टाटा हॉस्पिटल.

टाटात पहिल्याच दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांनी हातमोजा घातला, बोटाने तपासलं आणि अर्ध्या मिनिटात गाठ कुठे आहे ते सांगितलं. दुर्बीण, एमआरआय, सीटी हे सगळं पुढे झालं, पण गाठ बोटाला लागत होती. ते अर्धं मिनिट मी विसरू शकलेलो नाही.

पिशवीसकट लोकलने ये-जा करणं त्याला झेपेना. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. कोणाला गरज असेल तर लक्षात ठेवा. काही दिवस दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिलो. तिथे विदर्भातले, मराठवाड्यातले, बिहार-बंगालमधले पेशंट. अर्ध्याहून जास्त आपल्यासारखे शेतीवाले. संध्याकाळी पटांगणात गप्पा व्हायच्या त्या पावसाच्या आणि भावाच्या. एक यवतमाळकडचे काका होते, त्यांनी माझ्याकडून चारसूत्री भात लागवडीची माहिती वहीत उतरवून घेतली होती. त्यांच्याकडे भात होत नाही, तरी घेतली. भाऊ पुढे चौदा महिने राहिला.

गावात आम्ही काय सांगितलं? "पोटाचा आजार." घरातही तोच शब्द. कॅन्सर हा शब्द आमच्या ओटीवर कोणी काढला नाही. आणि या शब्द गिळण्यानेच मी अडकलो होतो.

भाद्रपदात गणपतीत आमच्या इथल्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. मी दरवर्षी देतो. यंदा बोटाला टोचून त्या बाईंनी मशीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं हिमोग्लोबिन 9.8 आहे. रक्त देण्यासाठी किमान 12.5 लागतं. डॉक्टरला दाखवा." मी हसून बाहेर आलो. पण लावणीपासून दम लागत होता, बांधावरून पेंढीचा भारा घेऊन चालताना दोनदा बसावं लागत होतं, ते डोक्यात आलं. मेडिकलवाल्याकडून लोहाच्या गोळ्या घेतल्या. त्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे आता रक्त आहे की नाही तेही कळेना. म्हणजे मी स्वतःच उपचार करून स्वतःचीच खूण पुसली.

शेवटी गेलो ते बायकोमुळे. तिने धुण्यात माझ्या चड्डीवर डाग बघितला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि म्हणाली, "कल्याणला जायचंय." बस्स.

कल्याणच्या सर्जनने आधी सगळं विचारलं. रक्त कसं, कधीपासून, वजन उतरलं का, जायच्या वेळा बदलल्या का, कधी घट्ट कधी पातळ असं होतं का. मग विचारलं, "घरात कोणाला आतड्याचा काही आजार?" मी सवयीने म्हणालो, "भावाला पोटाचा आजार होता." बायको बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "कॅन्सर होता. संडासच्या जागेचा. एकोणपन्नासाव्या वर्षी." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं द्यायचा प्रयत्न करतो. सख्खा भाऊ, बहीण, आई, बाप किंवा मूल यांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. अशा माणसाने वयाच्या 40 व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार कळला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा दुर्बिणीने तपासून घ्यायचं असतं. काही त्रास नसला तरी. म्हणजे माझी वेळ एकोणचाळिसाव्या वर्षी होती. भावाचं कळलं तेव्हा मी एकेचाळीसचा होतो, आज सेहेचाळीस. पाच वर्षं मी भाताच्या पानांवरचे ठिपके मोजत बसलो.

तपासणीबद्दल भीती असते म्हणून सांगतो. कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी. हातमोजा, जेल, बोट. मिनिटभर. दुखत नाही, ओशाळवाणं वाटतं एवढंच. मग छोटी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "मूळव्याध आहे. रक्त बहुधा यातूनच येतंय." मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं. माझं निदान बरोबर होतं की! डॉक्टर पुढे म्हणाले, "पण मूळव्याध असली म्हणजे वर दुसरं काही नाही, असं होत नाही. तुमचं लोह उतरलंय आणि घरात इतिहास आहे. पूर्ण आतडं बघावं लागेल."

कोलोनोस्कोपीच्या आधी दोन दिवस पालेभाजी, भेंडी-टोमॅटोसारखी बियांची भाजी, नाचणी, सालीच्या डाळी सगळं बंद. पांढरा भात, दही, वरणाचं पाणी. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला भातच खा म्हणालं. आदल्या संध्याकाळी एक पावडर दोन लिटर पाण्यात कालवून थोडी थोडी प्यायची. चव खारट-गोड, बेकार. त्यानंतर काय होतं ते विचारू नका. पाटाची फळी उचलल्यासारखं रात्रभर. शेवटी स्वच्छ पाणी यायला लागतं, तेव्हा तयारी पूर्ण. मला विचाराल तर सगळ्यात त्रासाचा भाग हाच, पुढचं काहीच नाही. झोपेचं इंजेक्शन दिलं. मी त्यांना कडा करप्याबद्दल काहीतरी सांगत होतो म्हणे, आणि जाग आली तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या दिवशी गाडी चालवायची नसते, सोबत माणूस लागतो.

मूळव्याध होतीच. आणि तिच्या वीतभर वर आतड्याच्या भिंतीवर एक कोंब होता. पॉलिप म्हणतात त्याला. 12 मिलिमीटर, तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा. तो रक्त देत नव्हता, दुखत नव्हता, काहीच करत नव्हता. नुसता वाढत होता. दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून तो कापला आणि तपासायला पाठवला. मूळव्याधीला रबराची रिंग घातली. दोनेक तासांनी चहा पिऊन घरी.

रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी काय केलं हे आठवत नाही, कापणी झाली एवढं खरं. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. पण ज्यातून पुढे कॅन्सर होतो त्या जातीचा कोंब होता. असा कोंब वाढून कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात असं डॉक्टर म्हणाले. सगळे कोंब त्या वाटेने जात नाहीत, पण कोणता जाईल ते बाहेरून सांगता येत नाही, म्हणून दिसला की काढायचा. आता तीन वर्षांनी पुन्हा बघायचं.

यात मला खोडकिडा आठवत राहिला. मादी पानाच्या शेंड्याकडे अंडी घालते, वर तपकिरी केसांचं पांघरूण. म्हणून तर लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून टाकायला आपल्याला सांगतात. तेव्हा दोन बोटांचं काम. अळी खोडात शिरली की गाभा सुकतो, ओढला की अलगद हातात येतो. तरी गाभेमर पाच टक्क्यांच्या आत असेल तर आपण निवांत असतो, फुटवे भरून काढतात. पण लोंब्या पांढऱ्या, उभ्या, पोकळ निघाल्या की त्या पळींजावर जगातलं कुठलं औषध चालत नाही. भावाचं पळींज झालं होतं. माझा शेंडा खुडला गेला. एक फरक मात्र आहे, माणसाला फुटवे येत नाहीत, त्यामुळे इथे पाच टक्क्यांची सूट धरू नका.

"हा म्हाताऱ्यांचा आजार" असं मलाही वाटायचं. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 2017 साली त्यांच्याकडे आलेल्या 800 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. त्यात सरासरी वय 47 च्या आसपास आलं आणि निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार रक्त जाण्याचीच होती. अमेरिकेत तर काही त्रास नसलेल्या माणसानेही 45 पासून तपासणी सुरू करावी असं 2021 पासून सांगतात, आधी ते 50 होतं. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा त्यात नाही. गावात गाडी येईल, कोणी बोलावेल, म्हणून वाट बघू नका.

ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी. रक्त कसंही असो, लाल, काळपट, थेंब किंवा शौचात मिसळलेलं, एकदा दाखवा. चीर पडली असेल तर जाताना कापल्यासारखं दुखतं, मूळव्याधीत बहुतेक दुखत नाही, पण रंग आणि दुखणं बघून घरच्या घरी निवाडा करता येत नाही, मी केला होता. जायच्या सवयी बदलून तीन आठवडे झाले, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटतं, आव पडते, वजन विनाकारण उतरतं, पुरुषाचं हिमोग्लोबिन उतरतं, यातलं काही असेल तर तसंच. बाईचं उतरलं तर पाळीवर ढकलून मोकळं होतात, तेही दरवेळी बरोबर नसतं. पोट फुगून संडास-वारा बंद आणि उलट्या, किंवा भरपूर रक्त जाऊन चक्कर, हे मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, रात्र असली तरी. आणि डॉक्टर न तपासताच मलम लिहून देत असतील तर आपणच म्हणायचं, "साहेब, तपासून बघा ना." यात त्यांचा अपमान नाही.

खर्च बऱ्याच जणांनी विचारला असता, आधीच सांगतो. माझे सगळे मिळून 16 हजार गेले, कोंबाच्या तपासणीसकट. एवढे नसतील तर मुंबईत केईएम, सायन, जे.जे.मध्ये दुर्बिणीची तपासणी होते. वेळ लागतो, नंबर लावावा लागतो, पण होते. कॅन्सरच निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. भावाच्या वेळी एका काना-मात्रेपायी आमचे चार दिवस गेले.

आता वहिनीचं. पुतण्या चोवीसचा आहे, स्थळं बघणं चालू आहे. वहिनीचं म्हणणं होतं की घरात दोघांना असं झालंय हे पसरलं तर मुली द्यायला लोक मागेपुढे बघतील. ती भीती खोटी नाही, आपल्याकडे बघतातच. मी तिला एवढंच म्हणालो की आपण बोललो असतो तर मी पाच वर्षांपूर्वीच तपासून घेतलं असतं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग तिनेच पोराला हाक मारली आणि त्याच्या बापाला नेमकं काय झालं होतं, ते पहिल्यांदा नीट शब्दांत सांगितलं. त्याला धक्का वगैरे काही बसला नाही. "मला माहीत होतं," म्हणाला, "फाईल मीच वाचायचो ना." फोन काढून त्याने आपल्या एकोणचाळिसाव्या वर्षाची नोंद करून ठेवली. त्याआधी रक्त दिसलं तर लगेच सांगायचं, असं ठरलंय.

बहीण शहापूर तालुक्यात दिलेली, वय पन्नास. तिला फोन केला तर आधी म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" मी माझं सगळं सांगितलं. दोन मिनिटं ती काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "अरे, मलाही वरीस झालं जातंय. म्हटलं, उष्णता असंल."

गुरुवारी तिची वेळ घेतलीय. मंगळवार मिळत होता, पण त्या दिवशी गणपतीच्या दर्शनाची गर्दी, टिटवाळ्याला गाडीत शिरायला मिळत नाही. ती आसनगावला बसेल, मी इथून चढेन. तोवर वालाची राहिलेली दोन खाचरं पेरून घेतो, ओल उडायला लागलीय.